उणे वीस अंशांत जुनी फोर-व्हील ड्राइव्ह : दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी सेल्फ जडच फिरतो

लांबवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८६ सालची, शिडीसारख्या चासीची, पुढे-मागे पाटे असलेली फोर-व्हील ड्राइव्ह आहे. इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे, प्री-चेंबर पद्धतीचे (डिझेल आधी सिलिंडरला जोडलेल्या लहान कोठडीत पेटते ते) डिझेल आहे आणि इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक आहे. गाडी माझ्याकडे आल्यापासूनचा हा तिसरा हिवाळा. पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर मी चासीचा गंज घासून काढला, प्रायमर मारून रंगाचे दोन हात दिले, आणि आता ही गाडी थंडी सोसेल अशा समाधानात होतो. नेमका त्याच हिवाळ्यापासून सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, जड फिरू लागला.

उन्हाळ्यात चावी फिरवताक्षणी इंजिन सुरू होते. पारा उणे दहाच्या खाली गेला की सेल्फ कण्हत फिरतो. पहिल्या वर्षी नवी बॅटरी घेतली, दुसऱ्या वर्षी तिच्याहून मोठी घेतली, पण फरक थोडाच पडला. गेल्या आठवड्यात उणे २२ अंशांत तीन प्रयत्न फुकट गेले. चौथ्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट निघाला, आधी दोन सिलिंडर पेटले आणि मिनिटभराने उरलेले दोन. थंडीत गाडीच आखडते म्हणा ना : गिअर जड, दारे जड, अ‍ॅक्सिलरेटरचे पेडलसुद्धा जड.

आता तिसरी बॅटरी घ्यावी की सेल्फ उघडावा, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा, की इतकी जुनी गाडी हिवाळाभर झाकून ठेवावी असे मला बरेच जण सांगतात, पण मला ती रोज चालवायची आहे. आपले अनुभव वाचायला आवडतील.

वंगण

बॅटरीकडे वळण्याआधी इंजिनात कोणते तेल आहे ते सांगा. जुन्या डिझेल इंजिनात बहुतेक जण १५डब्ल्यू-४० घालतात आणि उन्हाळ्यात ते उत्तमच असते. मात्र त्या ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीत सेल्फला किती जोर लागेल ते ठरवतो. मानकानुसार १५डब्ल्यू तेलाची क्रँकिंग (सेल्फने इंजिन फिरवण्याची) चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला, ५डब्ल्यूची उणे ३०ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ला. म्हणजे आपल्या उणे २२ अंशांत १५डब्ल्यू तेलाने आपली हद्द ओलांडलेली असते.

जुन्या इंजिनाला पातळ तेल चालत नाही हा समज मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. तापलेल्या इंजिनात ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही तेले ४० याच वर्गातली असतात, त्यामुळे तेलाच्या दाबाची भीती बाळगण्याचे कारण नाही. जुने सील झिजलेले असतील तर थोडी गळती वाढेल, हे मात्र मान्य करावे लागते.

तारजोड

वंगण यांचे म्हणणे बरोबर आहे, पण दोन बॅटऱ्या बदलूनही दुखणे तसेच राहिले आहे, तेव्हा आधी मोजमाप करू या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज किती आहे? १२.६ किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी चावी फिरवायला सांगून, सेल्फ फिरत असतानाच बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर किती व्होल्ट उरतात ते बघा. हे दोन आकडे मिळेपर्यंत काहीही विकत घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

पाऊलखूण

रात्री बॅटरी काढून घरात आणून ठेवावी. सकाळी लावली की सेल्फ उन्हाळ्यासारखा फिरतो.

तारजोड

पाऊलखूण, हा उपाय खरोखर चालतो, कारण उणे १८ अंशांत बॅटरीची ताकद उबेतल्या ताकदीच्या निम्म्याहून कमी उरते. बॅटरीवरचा सीसीए (थंडीत सेल्फ फिरवण्याची क्षमता) हा आकडासुद्धा उणे १८ अंशांनाच मोजलेला असतो : तेवढे अँपिअर ३० सेकंद देऊनही व्होल्टेज ७.२च्या खाली जाता कामा नये. मात्र जड बॅटरी रोज उचलून ठेवणे हा दोषावरचा इलाज होत नाही, आणि सारखे काढून-घालून टर्मिनलचे जोड ढिले होतात ते वेगळेच.

याच ओघात एक सावधगिरी सांगतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. बाजू फुगलेली दिसली किंवा आत बर्फ दिसला तर तिला चार्जर लावू नका आणि दुसऱ्या गाडीवरून तारही जोडू नका. ती फुटून आम्ल तोंडावर उडू शकते.

हिमरेषा

मला वाटते, मूळ दुखणे ग्लो प्लगचे, म्हणजे सुरू करताना चेंबर तापवणाऱ्या विजेच्या प्लगचे, आहे. आधी दोन सिलिंडर पेटतात आणि मग बाकीचे दोन, हे लक्षण अगदी बोलके आहे. प्री-चेंबरच्या इंजिनात दाबलेल्या हवेची उष्णता चेंबरच्या भिंती शोषून घेतात, म्हणून ही इंजिने प्लगशिवाय थंडीत उठतच नाहीत. प्लगावरची पट्टी सोडवून प्रत्येक प्लगचा रोध इंजिनाच्या ब्लॉकशी मोजा. तो एक ओहमच्या आसपास यायला हवा. चारही आकडे एकमेकांशी ताडून पाहा. ज्याचा आकडा अनंत येईल तो प्लग जळलेला आहे.

लँड रोव्हरच्या जुन्या सीरीज गाड्यांच्या डिझेल इंजिनांत हे प्लग एकामागोमाग एक, सीरीजमध्ये जोडलेले असत, त्यामुळे एक जळाला की चारही थंड पडत. आपल्या गाडीत ते बहुधा समांतर असतील. समांतर जोडणीत एक-दोन प्लग गेले तरी इंजिन कसेबसे सुरू होते आणि दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

आणि कुणी ईथरचा फवारा मारायला सांगितले तर ग्लो प्लगच्या इंजिनात तो कदापि मारू नका. लाल झालेल्या प्लगावर ईथर अवेळी पेटते आणि पिस्टन किंवा सिलिंडर हेड फुटते. एका ओळखीच्या गाडीच्या पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा अशाच तुटलेल्या मी हातात घेऊन पाहिल्या आहेत.

लांबवाट

सर्वांचे आभार. आज सकाळी उणे १४ होते. तेल १५डब्ल्यू-४०च आहे, वंगण यांचा अंदाज खरा ठरला. तेल बदलतो आहेच. ग्लो प्लगांपैकी तीन ठीक निघाले आणि चौथा मेलेला, म्हणून चारही नवे मागवले आहेत.

बॅटरी रात्रभरानंतर १२.६ दाखवत होती. सेल्फ फिरताना टर्मिनलांवर १०.९ व्होल्ट राहिले. म्हणजे बॅटरी अशक्तच आहे असे समजायचे का?

तारजोड

लांबवाट, हा आकडा फार मोलाचा आहे, आणि आपण काढलात त्याच्या उलट अर्थ त्यातून निघतो. सेल्फ जड फिरत असेल आणि दोष बॅटरीचा असेल, तर टर्मिनलांवर नऊ-साडेनऊ किंवा त्याहूनही कमी व्होल्ट दिसायला हवे होते. आपल्याकडे १०.९ टिकून आहेत, म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, पण सेल्फपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही. बॅटरी आणि सेल्फ यांच्या मध्ये कुठेतरी रोध बसला आहे.

आता दोन मोजण्या करा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरे सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवून चावी फिरवायला सांगा. मग एक टोक ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर ठेवून तेच करा. दोन्ही ठिकाणी पाव व्होल्टाच्या आत आकडा आला तर तारा निर्दोष आहेत. ओहममध्ये मोजायला जाऊ नका. शेकडो अँपिअर वाहताना जो रोध घात करतो तो एका ओहमचे काही सहस्रांश एवढाच असतो आणि साध्या मीटरवर तो दिसत नाही.

पाणलोट

मोजमाप होईपर्यंत डिझेलबद्दल लिहितो, कारण इंजिन सुरू होऊन दोन किलोमीटरवर बंद पडणे हा अनुभव अजून कुणी मांडलेला नाही. डिझेलमधले मेण थंडीत स्फटिक होऊन फिल्टरच्या कागदावर साचते. युरोपच्या ईएन ५९० या मानकात हिवाळी डिझेलचे वर्ग त्यासाठीच आहेत. समशीतोष्ण हवामानासाठीच्या ए ते एफ वर्गांत फिल्टर तुंबण्याची मर्यादा अधिक ५पासून उणे २०पर्यंत जाते, आणि अतिथंड प्रदेशांसाठीच्या वर्गांत ती उणे ४४पर्यंत पोहोचते. कमी चाललेल्या जुन्या गाडीचा घात असा होतो, की टाकीत ऑगस्टमध्ये भरलेले डिझेल जानेवारीतही शिल्लक असते.

माझी गाडी अशीच एका चढावर थांबली होती. फिल्टर उघडला तर आत डिझेलऐवजी गढूळ, सायीसारखा लगदा होता आणि तळाच्या वाटीत बर्फाचा पातळ काचेसारखा तुकडा खुळखुळत होता. मेण आणि पाणी, दोघांनी मिळून रस्ता अडवला होता. तेव्हापासून मी पहिल्या थंडीआधी फिल्टर बदलतो, दर आठवड्याला वाटीतले पाणी सोडतो, आणि टाकी भरलेली ठेवतो म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. मेण रोखणारे औषध डिझेल गढूळ होण्याआधीच टाकीत घालावे लागते. एकदा स्फटिक झाले की ते औषध त्यांना विरघळवत नाही.

जुनाचाक

आम्ही पूर्वी वीस टक्के रॉकेल मिसळत असू आणि गाड्या चालत असत. जुन्या इंजिनाला त्याने काही होत नाही.

पाणलोट

जुनाचाक, आपल्या अनुभवाचा मान राखून थोडा विरोध करतो. रॉकेलाने मेण उशिरा धरते हे खरे, पण त्यात वंगणाचा गुण डिझेलपेक्षा कमी असतो. रांगेत एलिमेंट असलेल्या जुन्या पंपाचा कॅमशाफ्ट इंजिनाच्या तेलात न्हातो, म्हणून त्याला फारसा त्रास होत नाही. रोटरी पंपाचे सगळे भाग मात्र डिझेलवरच वंगण घेतात. तेव्हा आपला पंप कोणता आहे हे पाहिल्याशिवाय सरसकट सल्ला देता येणार नाही. पेट्रोल मिसळण्याची जुनी रीत तर सोडूनच द्यावी, कारण थोडे पेट्रोल पडले तरी डिझेलची वाफ साध्या तापमानाला पेट घेऊ लागते.

जुनाचाक

हे पटले. आमच्या गाड्यांचे पंप रांगेतलेच होते, हा भेद मी लक्षात घेतला नव्हता. गोठलेला फिल्टर मोकळा करायला गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळायचे, ज्योत कधीही दाखवायची नाही, एवढे मात्र आम्ही तेव्हाही पाळत होतो.

सारथी

मी गेली अकरा वर्षे जुनी पेट्रोल फोर-व्हील ड्राइव्ह हिवाळ्यात चालवते. कूलंटबद्दल लिहायला हवे, कारण तिथे मी एकदा मोठी चूक केली होती. उन्हाळ्यात रेडिएटर थोडा गळत होता आणि मी प्रत्येक वेळी नुसते पाणी ओतत गेले. रंग हिरवा दिसत होता म्हणून निर्धास्त होते. उणे १६च्या सकाळी गाडी निघाली आणि तीन किलोमीटरवर काटा लाल पट्ट्यात गेला. इतक्या थंडीत इंजिन तापते कसे, हे मला कळेना. रेडिएटरच्या खालच्या नळीला हात लावला तर ती दगडासारखी कडक लागली. आत बर्फ झाल्यामुळे पाणी फिरतच नव्हते, इंजिनातले उकळत होते आणि रेडिएटरमधले गोठले होते.

नशिबाने ब्लॉक वाचला. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि ओतीव लोखंड ते सहन करत नाही. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पातळ पत्र्याच्या टोप्या अशा वेळी निखळतात आणि इंजिन वाचते असे म्हणतात, पण तसा भरवसा धरू नये. त्या टोप्या मुळात ओतकामाची भोके बुजवण्यासाठी असतात. निम्मे इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. अधिक चांगले म्हणून शुद्ध ग्लायकॉल घालू नका, कारण ते एकटे उणे १३च्या आसपासच गोठते. रंगावरून काहीही ओळखता येत नाही, मोजूनच पाहावे लागते.

हिमरेषा

सारथी ताईंच्या अनुभवाला जोडून थर्मोस्टॅटचे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचे, सांगतो. हीटर कोमट हवा देत असेल आणि काटा वरच चढत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे असे समजावे. थंड चालणाऱ्या इंजिनात दव तेलात मिसळते आणि तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. ती पाहून हेड गॅस्केट गेले असे समजून घाबरणारे बरेच जण भेटतात. झाकणालाच साय असेल, ऑइल काठी स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर आधी एक लांब फेरी मारून पाहावी. इंजिनाचा श्वास बाहेर सोडणारी नळी मात्र लगेच तपासा. तिच्यात हीच साय गोठली की आतला दाब सील फोडून बाहेर पडतो.

मीठमाती

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो : चालवावी की झाकून ठेवावी. माझ्या मते जुन्या फोर-व्हील ड्राइव्हला थंडी मारत नाही, रस्त्यावरचे मीठ मारते. चासीच्या पेटीसारख्या भागांत, मागच्या आडव्या तुळईत, पाट्यांच्या कानांपाशी चिखल साचतो आणि तो मिठाचे पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवतो. ज्या गाड्यांचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे आणि चासी पोलादाची, त्यांत तर मिठाच्या पाण्याने दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि जोडाजवळचे अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन गळते.

काळे रबरी डांबर फासणे मला मान्य नाही. ते पहिल्या वर्षी छान दिसते, मग बारीक भेग पडते, पाणी मागे शिरते आणि आतला पत्रा दिसेनासा होऊन कुजतो. त्यापेक्षा पेटीच्या आत लांब नळीने मेणाचा फवारा मारावा आणि बाहेरून लॅनोलिनचा लेप द्यावा. हा लेप दर वर्षी पुन्हा द्यावा लागतो, पण त्यातून पत्रा दिसत राहतो. त्याआधी पाणी निघून जायची भोके तारेने मोकळी करा आणि चासी पूर्ण वाळू द्या. ओल्या चासीवर मेण मारणे म्हणजे ओल आत कोंडणे होय.

पाऊलखूण

मी रोज संध्याकाळी गाडी गरम गॅरेजमध्ये लावतो, म्हणजे रात्रीत वाळते. हे पुरे नाही का?

मीठमाती

पाऊलखूण, हे ऐकायला उलटे वाटेल, पण मीठ न धुता गरम गॅरेजमध्ये लावणे थंड उघड्यावर उभी ठेवण्यापेक्षा वाईट आहे. गंज ही रासायनिक क्रिया आहे आणि तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय चासीवरचा बर्फ वितळून मिठाचे पाणी प्रत्येक फटीत उतरते. रस्त्यावर टाकतात ते कॅल्शियम क्लोराईड तर हवेतली ओल स्वतःच ओढून घेते, त्यामुळे ते सहजासहजी वाळत नाही. खालून भरपूर पाण्याने धुऊन मग आत लावली तर गॅरेज उत्तम.

पाऊलखूण

आजपासून आधी धुतो. धन्यवाद.

दरीकाठ

झाकून ठेवण्याच्या विरोधात मीही आहे. उभ्या गाडीत सील वाळतात, ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला चिकटतात, बॅटरी उतरते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे जागेवरच इंजिन चालवणारे लोक तर गाडीचे नुकसानच करतात. तेवढ्यात इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमधले पाणी उडत नाही, आणि सेल्फने घेतलेली वीजही धड परत भरत नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उभ्या गाडीत तापतच नाहीत. मिनिट-दोन मिनिटे थांबून, तेलाचा दाब आल्यावर हलक्या पायाने निघावे आणि अर्धा तास तरी चालवावे.

मात्र अ‍ॅक्सलच्या श्वासनळीकडे दुर्लक्ष करू नका. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. श्वासनळी तुंबलेली असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. एका डिसेंबरात मी मागच्या डिफरन्शियलचे तेल काढायला बसलो. खालचा बोल्ट निघाला, पण एक थेंबही आला नाही. बोटाने चाचपले तर भोकात बर्फाची खुंटी बसलेली होती. गरम हवेने ती वितळवली, तेव्हा आधी कपभर पाणी आले, मग दुधी तेल आणि शेवटी खरे तेल. तशीच गाडी रेटली असती तर बर्फात रुतलेल्या दात्यांनी काय केले असते याचा विचारही करवत नाही. आता मी दोन्ही अ‍ॅक्सलच्या नळ्या इंजिनाच्या खोलीपर्यंत उंच नेल्या आहेत.

वंगण

दरीकाठ यांनी गिअरबॉक्सचा विषय काढलाच आहे, तर लांबवाट यांच्या जड गिअरबद्दल लिहितो. गिअर ऑइलच्या मानकात ८५डब्ल्यूची थंडीची मर्यादा उणे १२, ८०डब्ल्यूची उणे २६ आणि ७५डब्ल्यूची उणे ४० आहे. ७५डब्ल्यू-९० घातले की सकाळचा पहिला गिअर पुष्कळ सुसह्य होतो. पण जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून दात्यांचा वेग जुळवणाऱ्या) असतात, म्हणून तेथे जीएल-४ दर्जाचेच तेल वापरावे. जीएल-५मधली गंधक-फॉस्फरसची तीव्र रसायने पितळ खाऊ शकतात. डिफरन्शियलला उलट जीएल-५च हवे. आणि चावी फिरवताना क्लच दाबून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट तेल ढवळण्याचे ओझे सेल्फवर पडत नाही.

सारथी

थोडक्यात तीन गोष्टी सांगते. ओल्या ब्रेकने हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी करू नका. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली उटी (अडसर) लावा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधला दाब एक पीएसआयने घटतो, म्हणून गॅरेजबाहेर, थंड टायरमध्येच हवा मोजा. पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायचे असतील तर बर्फात शिरण्याआधीच करा, कारण रुतल्यावर गोठलेल्या ग्रीसमध्ये ती कळ फिरत नाही.

हिमरेषा

आणि जुन्या गाडीत सायलेन्सरचे जोड दर वर्षी तपासा. थंडीत काचा बंद असतात, गळकी नळी किंवा बर्फात बुजलेले तिचे तोंड कार्बन मोनॉक्साइड आत पाठवते, आणि त्याला वास नसतो. दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन एक मिनिटही चालवू नका. हे मी अतिशय गांभीर्याने लिहितो आहे.

लांबवाट

तारजोड, आकडे आणले आहेत. उणे १७ अंशांत, धन बाजूला ०.२ व्होल्ट. ऋण टर्मिनल ते इंजिनाचा ब्लॉक : १.४ व्होल्ट! तीन वेळा मोजले, तीनही वेळा तेवढेच.

तारजोड

सापडले. तीनशे अँपिअर धरले तरी १.४ व्होल्ट म्हणजे ४२० वॉट उष्णता त्या वाटेवर वाया जाते आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे चासी ते इंजिन अशी अर्थिंगची पट्टी हीच त्याची परतीची वाट असते. आपण पहिल्या हिवाळ्याआधी चासी रंगवलीत आणि त्याच हिवाळ्यात दुखणे सुरू झाले, हे आपणच पहिल्या पोस्टमध्ये लिहिले आहे. त्या पट्टीचे थिंबल (टोकाचे धातूचे कडे) रंगावर तर बसवलेले नाही ना, ते बघा.

आणखी एक. अ‍ॅक्सिलरेटर जड होतो असेही आपण लिहिले होते, ते मी आत्ता पुन्हा वाचले. अर्थिंगची वाट अडली की प्रवाह इंजिनाला अंगाशी जोडणाऱ्या कोणत्याही धातूतून परततो, आणि पेडलपासून पंपापर्यंत जाणारी पोलादी केबल ही अशीच एक वाट आहे. सेल्फ मारून झाल्यावर लगेच त्या केबलच्या वेष्टनाला हात लावून बघा.

लांबवाट

आज दुपार गाडीखालीच गेली. केबलचे वेष्टन उणे १२ अंशांच्या हवेत हाताला चक्क कोमट लागत होते.

अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूला चासीवर बसते. बोल्ट घट्ट होता, बाहेरून सगळे नवे-कोरे दिसत होते. थिंबल काढले तर त्याच्या खाली माझ्याच हाताने दिलेला रंग होता, काळा, गुळगुळीत, अखंड. फक्त बोल्टच्या आट्यांभोवती धातूची एक बारीक कड उघडी होती आणि तिच्यावर हिरवट-पांढरी पूड चढली होती. दोन हिवाळे सगळा प्रवाह त्या कडेतून आणि केबलमधून जात होता. रंग खरवडला, पॉलिश पेपरने धातू चकचकीत केला, नवी जाड पट्टी बसवली, बोल्ट आवळला आणि मग जोडावर बाहेरून मेण लावले. शिवाय बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून थेट इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत दुसरी तार टाकली.

आता ऋण बाजूला ०.१५ व्होल्ट येतात. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.२ दिसतात, म्हणजे तारजोड म्हणाले तसा आकडा खाली आला आणि सेल्फचा वेग मात्र वाढला. नवे प्लग आणि ५डब्ल्यू-४० तेलही घातले आहे. आज सकाळी उणे २१ अंशांत चारही सिलिंडर एकदम पेटले. दोन बॅटऱ्यांपैकी एकही खराब नव्हती.

तारजोड

फार आनंद झाला. पण ती केबल तशीच ठेवू नका. तापून आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळले असेल, तर पाय उचलल्यावरही पंपाचा लिव्हर मागे येणार नाही. चालत्या गाडीत तसे झाले तर ते प्राणावर बेतू शकते.

लांबवाट

केबल काढून टेबलावर ठेवली आहे. आतली तार ओढून सोडली की निम्म्यापर्यंत मागे सरकते आणि थांबते. एका बाजूचे अस्तर वितळून तारेला चिकटले आहे. नवी केबल येईपर्यंत गाडी उभी राहील. नंतर मात्र रोज चालवणार आहे. मीठमाती, मेणाचा फवारा पेटीच्या आत मारायचा तर नळी कोणत्या भोकातून घालू? मागच्या आडव्या तुळईला मला फक्त खालची दोन भोके दिसतात.

मीठमाती

त्याच दोन भोकांतून. तोंड चहूबाजूंनी फवारणारे घ्या, नळी टोकापर्यंत आत घाला आणि सावकाश मागे ओढत फवारा. दुसऱ्या भोकातून मेण ठिबकू लागले की थांबा, आणि ते घट्ट होण्याआधी भोकांत तार फिरवून ती मोकळी करा. अर्थिंगच्या थिंबलवर मात्र बोल्ट आवळून झाल्यावरच मेण लागू द्या, जसे आपण या वेळी केलेत.